गावाकडची परसबाग (नागपूर जिल्हा): पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

काटोल, कळमेश्वर, कुही, उमरेड, रामटेक, मौदा इकडून जे मेसेज येतात त्यातले बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. सगळं आपल्या भागातल्या उन्हाचा, काळ्या जमिनीचा आणि इथल्या बाजाराचा विचार करून लिहिलंय. पुण्या-कोकणातल्या मंडळींनी महिने मागंपुढं करून घ्यावेत.

१. परसबाग म्हणजे काय? वांगी-टमाटर लावले की झाली का?

वांगी-टमाटर हा तिचा एक कोपरा झाला. आपल्या जुन्या वाड्यांमध्ये (वाडी म्हणजे घरामागची परसबागच) बघा, वर मुनगा (शेवगा), हेटा (हदगा) नाहीतर आंबा, त्याखाली लिंबू, गोडलिंब (कढीपत्ता), पोपई, छपरावर लवकी (दुधी)-दोडक्याचा वेल, खाली धोपा (अळू), हळद, अद्रक, कडेला तुळस, अडुळसा, मोगरा, आणि मोकळ्या जागेत पालेभाजी, म्हणजे एकाच जागेत उंचीप्रमाणे तीन-चार थर असतात आणि प्रत्येकाची वेळ वेगळी असते. माझं मत सांगते, परसबाग चांगली आहे का हे डिसेंबरात बघू नये, डिसेंबरात सगळ्यांचीच हिरवीगार दिसते, ती जून-जुलैमध्ये बघावी. शेतात तेव्हा नुसती पेरणी झालेली असते, बाजारात भाजी महाग असते आणि हातातला पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो, त्या दिवसांत जी वाडी रोज एक भाजी देते ती खरी. खालची बरीचशी उत्तरं हेच डोक्यात ठेवून दिली आहेत.

२. आमच्याकडे घरामागं दोन खोल्यांएवढीच जागा आहे, एवढ्यात होईल का?

होईल. एक मुनगा, एक गोडलिंब, न्हाणीच्या पाण्यावर धोपा आणि एखादी केळ, छपरावर एक वेल, आणि उरलेल्या जागेत पालेभाजीचे दोन वाफे. पालेभाजीचं सगळं बी एकाच दिवशी टाकू नका, दर १५ दिवसांनी थोडं थोडं टाका, नाहीतर एका आठवड्यात ढीग येतो आणि मग महिनाभर काहीच नसतं. इतक्या जागेत आंबा किंवा चिंच लावायचा मोह टाळा, पाच-सात वर्षांत सगळं ऊन तेच खातं.

३. मोठी झाडं कोणत्या बाजूला लावायची? घराच्या किती जवळ चालतात?

उंच झाडं उत्तरेला आणि पश्चिमेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, म्हणून दक्षिणेला झाड असलं की नेमक्या भाजीच्या सीझनमध्ये वाफ्यांवर सावली पडते, आणि पश्चिमेचं झाड मात्र एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हापासून वाचवतं.

घरापासूनच्या अंतराबद्दल नीट वाचा, कारण काळ्या जमिनीत हा प्रश्न वेगळाच आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, मोठं झाड भिंतीजवळ असेल तर उन्हाळ्यात त्याची मुळं पायाखालचा ओलावा ओढून घेतात, तिथली माती जास्त आकसते आणि भिंतीला तडे जायची शक्यता वाढते. म्हणून आंबा, चिंच, कडुनिंब भिंतीपासून निदान २०-२५ फूट ठेवा. पोपई, लिंबू, गोडलिंब, जाम (पेरू) ७-८ फुटांवर चालतात. वड, पिंपळ, उंबर भिंतीच्या फटीत आपोआप उगवतात, ते दोन पानांवर असतानाच काढा.

४. आमची जमीन काळी चिकट आहे, पावसात पाणी साचून राहते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, काय करावं?

पावसाळ्यासाठी जमिनीपासून वीतभर उंच गादी वाफे करा आणि दोन वाफ्यांमधून पाणी बाहेर जायला नाली ठेवा. मिरची, टमाटर, पोपई यांच्या मुळाशी दोन-तीन दिवस पाणी थांबलं तरी झाड जातं. माती ओली असताना खणू नका, ढेकळं विटांसारखी घट्ट होतात. वाफसा आला की मगच हात लावा. उन्हाळ्यात सोयाबीनचं कुटार, तुरीचा पाला, वाळलेलं गवत असं चार बोटं जाड पसरून ठेवा, भेगा कमी पडतात आणि पाणीही कमी लागतं.

शेणखत पूर्ण कुजलेलंच टाका. कच्च्या शेणात हुमणीची अळी वाढते आणि ती मुळं खाते, मग लोक म्हणतात झाड अचानक वाळलं. दरवर्षी खत टाकत राहिलात तर तीन-चार पावसाळ्यांत माती हातात भुसभुशीत लागते, वाळू मिसळायच्या भानगडीत पडू नका.

५. कोणत्या महिन्यात काय लावायचं?

मृगाचा चांगला पाऊस झाला की लवकी, दोडके, कारले, काकडी, कोहळं, भेंडी, बरबटी (चवळीच्या शेंगा), अंबाडी. हळद आणि अद्रक त्याच सुमारास, झाडाखालच्या अर्ध्या सावलीत. मिरची आणि वांग्याची रोपं जूनमध्ये टाकली की जुलैत लावायला येतात. आपल्या जिल्ह्याला भिवापुरी मिरचीसारखी जीआय मानांकन मिळालेली मिरची आहे, बी मिळालं तर तिची दोन-चार झाडं तरी घरी असू द्या.

पाऊस ओसरला की, म्हणजे ऑक्टोबरपासून, मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, टमाटर. हा सोपा काळ, इथं फारसं काही चुकत नाही.

जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत ढेमसं, काकडी, लवकी, भेंडी, चवळाई. यापेक्षा उशीर केला तर फुलं येईपर्यंत मे उजाडतो.

एक प्रश्न दरवर्षी येतो, वाल जूनमध्ये लावला, वेल छपरभर झाला पण फूल नाही. काळजी करू नका, गावरान वालाला फुलायला लहान दिवस लागतात, दिवस आखडले की ऑक्टोबर-नोव्हेंबरात फूल येईल. खत किंवा औषध टाकून ते लवकर येत नाही, उलट नुसता पाला वाढतो.

६. मे महिन्यात सगळं जळून जाते, काय टिकते?

नागपूरचा मे ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा टमाटरची फुलं गळणार, सांबार उगवला तरी लगेच तुऱ्यावर येणार, हे मान्य करायचं आणि त्या दिवसांत त्यांच्यामागं पाणी वाया घालवायचं नाही. टिकतं ते असं: मुनग्याचा पाला, गोडलिंब, लिंबू, न्हाणीजवळचा धोपा, पोई (म्हणजे मायाळू), चवळाई, आणि चांगला मांडव असेल तर कारले-दोडके. मिरची-वांग्याची झाडं जगवायची असतील तर पश्चिमेकडून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी नाहीतर जुनी सुती साडी बांधा आणि पाणी संध्याकाळी किंवा पहाटे द्या. जूनचा पाऊस पडला की हीच जुनी वांगी छाटून द्या, नवीन फुटवा येतो आणि नवीन रोपांच्या आधी भाजी देतो.

७. पाणीच नाही, नळ एकदिवसाआड येते. भांड्या-आंघोळीचं पाणी चालते का?

आंघोळीचं आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल द्या. कपड्यांच्या पावडरचं पाणी रोज एकाच जागी देऊ नका, त्यातल्या क्षारांनी काळी माती आणखी चिकट होते. असं पाणी केळ, धोपा, कर्दळ यांच्या चरात सोडा. कच्च्या खायच्या पालेभाजीवर, सांबारावर सांडपाणी नकोच.

वेलांसाठी मडक्याचा उपाय सगळ्यात चांगला: भाजलेलं पण वरून चकाकी न दिलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं आणि भोवती तीन-चार बिया लावायच्या, पाणी हळूहळू झिरपत राहतं. झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर त्यातच डेंगूचे डास होतात. टाकी, कुंडीखालची ताटली, पडलेले डबे हे सुद्धा आठवड्यातून एकदा कोरडे करा.

८. मुनगा दारात लावू नये म्हणतात, खरं आहे का?

अपशकुन वगैरे काही नाही, पण त्याचं लाकूड फार ठिसूळ असतं, वादळात फांदी मोडून कौलांवर किंवा तारेवर पडते आणि आपल्याकडे मेच्या शेवटी वादळं येतातच, त्यामुळे घराच्या अगदी अंगावर नको. लावायची सोपी पद्धत म्हणजे पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी रोवायची. बियांपासून लवकर शेंगा हव्या असतील तर पीकेएम-१ ही जात मिळते.

शेंगा संपल्या की दरवर्षी कमरेच्या उंचीवर छाटा. लोकांना जीवावर येतं, पण छाटलं नाही तर झाड पंचवीस फूट जातं आणि शेंगा, पाला सगळं हाताबाहेर. छाटलेल्या झाडाला नेमका पावसाळ्यात कोवळा पाला येतो, म्हणजे प्रश्न १ मध्ये म्हटलं त्या अडचणीच्या दिवसांत भाजी घरची. खोडावर केसाळ अळ्यांचे थवे दिसले तर हात लावू नका, अंगाला खाज सुटते, जळती मशाल किंवा उकळतं पाणी न वापरता लांब काठीच्या झाडूनं साबणाच्या पाण्यात पाडा.

९. घरी संत्र्याचं एखादं झाड लावावं का?

लावा, पण पाण्याचा निचरा नसेल तर लावू नका, लिंबू लावा, तो जास्त सोसतो. रोप खात्रीच्या नर्सरीतूनच घ्या, अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतही रोपं मिळतात. संत्र्याचा डोळा (कलमाची कळी) जंबेरीच्या किंवा रंगपूर लाइमच्या, म्हणजे आंबट लिंबांच्या, खुंटावर बांधलेला असतो, तो जोड मातीपासून वीतभर वर राहिला पाहिजे. तो मातीत गाडला गेला की डिंक्या रोगाला आमंत्रणच.

पाणी खोडाला लागू देऊ नका, खोडाभोवती एक कोरडी गोल कडी ठेवून तिच्या बाहेर पाण्याचं आळं करा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: एका झाडाला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि १ लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको. चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, ती लोहाची कमतरता, तिथं आणखी पाणी दिल्यानं बिघडतं.

१०. ताई, आमच्या संत्र्याच्या झाडाला आता आंबट जंबेरी लागून राहिल्या, हे कसं झालं?

वरचा संत्र्याचा भाग मेला आणि खालच्या खुंटाचे फुटवे वाढले, आता ते झाड जंबेरीचंच आहे. ते परत संत्रा होत नाही, त्यावर नवीन डोळा बांधून घेता येतो, नाहीतर काढून टाका. असं होऊ नये म्हणून जोडाच्या खालून निघालेला प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच हातानं मोडायचा.

११. संत्र्या-लिंबाजवळ गोडलिंब लावला तर चालतो का?

एखाद्या लिंबाजवळ असला तर रोज लक्ष ठेवून चालतं, पण शेजारी संत्र्याची बाग असेल तर नकोच. ही सगळी एकाच कुळातली झाडं. संत्र्याच्या कोवळ्या फुटीवरचा रस शोषणारा सायला किडा गोडलिंबावर सुद्धा वाढतो आणि हाच किडा संत्र्यात ग्रीनिंगचा रोग पसरवतो. गोडलिंब असेल तर त्याची कोवळी फूट वरचेवर तोडून खाण्यात वापरत राहा, किडीला थांबायला जागा कमी मिळते. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते ती फुलपाखराची, छोट्या रोपावर असेल तर वेचा, मोठ्या झाडावर राहू द्या.

१२. पोपईला भरपूर फुलं येतात पण फळ एकही नाही?

लांब लोंबत्या देठांवर फुलांचे झुपके असतील तर झाड नर आहे, त्याला फळ धरणार नाही. गावरान बियांत नर-मादी दोन्ही निघतात आणि फुलं येईपर्यंत ओळखू येत नाहीत, म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावायची आणि फूल दिसलं की खोडाला चिकटून फूल येणारं मादीचं झाड ठेवायचं. दहा माद्यांना एक नर पुरतो, शेजाऱ्याकडे असला तरी चालतं. रेड लेडीसारख्या जातीत वेगळा नर लागत नाही, पण तिच्या उभयलिंगी झाडांना कडक उन्हाळ्यात काही आठवडे फळ धरत नाही, ते तात्पुरतं असतं.

१३. लवकीला बोटभर फळं येतात आणि पिवळी पडून गळतात, कोणतं औषध मारू?

बहुतेक वेळा औषध लागतच नाही, परागीकरण झालेलं नसतं. लवकीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्री पतंग येतात, आसपास फवारणी होत असेल तर ते येत नाहीत. मग तुम्हीच अंधार पडताना नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मागं बारकी लवकी असलेल्या मादी फुलाच्या मधोमध घासा. कोहळ्याचं पिवळं फूल सकाळी उमलतं, त्याला हेच काम सकाळी करायचं.

फळ वाकडं होऊन सडत असेल आणि कापल्यावर आत अळ्या असतील तर मात्र ती फळमाशी. सडकी फळं खोल पुरा, धरलेल्या फळांना कागदाची पिशवी बांधा आणि मांडवात क्यू-ल्युअरचा (फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगा.

१४. घरची लवकी कडू निघाली, मीठ लावून खावी का?

नाही. टाकून द्या, गुरांनाही घालू नका. कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्यामुळे असतो, ते शिजवून किंवा मिठानं जात नाही आणि कडू लवकीच्या रसानं आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. भाजी करण्याआधी प्रत्येक लवकीचा छोटा तुकडा जिभेला लावून थुंकायची सवय घरात सगळ्यांना लावा. रस पिताना कडू लागला आणि नंतर उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय न करता थेट दवाखान्यात जा. त्या वेलाचं बीही ठेवू नका.

१५. घरचं बी कसं ठेवायचं? हायब्रिडचं ठेवलं तर उगवेल का?

उगवेल, पण आईबापासारखं निघणार नाही, म्हणून बी गावरान झाडाचंच ठेवा. सगळ्यात चांगल्या झाडाची सुरुवातीची फळं बियांसाठी सोडायची, शेवटची किडकी उरलेली नाही. वाल, बरबटी, टमाटर यांचं बी सहसा शुद्ध राहतं. वेलवर्गात परागीकरण मधमाश्या-पतंग करतात, पण कारल्याचा लवकीशी किंवा दोडक्याचा कोहळ्याशी संकर होत नाही, भीती एकाच पिकाच्या दोन जातींची असते. एक अपवाद लक्षात ठेवा, वाळूक आणि खरबूज दिसायला वेगळे असले तरी एकाच प्रजातीचे आहेत आणि त्यांची भेसळ होते.

बी दातानं कटकन तुटेल इतकं सावलीत वाळवा, राखेत मिसळून कोरड्या बरणीत ठेवा आणि नाव व वर्ष लिहा. गावात एकमेकांना द्या, एका घरातलं बी गेलं तर दुसऱ्या घरातून परत मिळतं. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क दिलाय, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही.

१६. फवारायला घरचं काय करू?

निंबोळी अर्क. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळीची पूड एका लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा, तयार केलेला अर्क त्याच दिवशी संपवा. मावा, पांढरी माशी, कोवळ्या अळ्या यांना पुरतो. वांग्याचे शेंडे मान टाकत असतील तर आत अळी असते, शेंडा खालून कापून जाळा, फवारणीनं ती सापडत नाही. भेंडीची पानं जाळीसारखी पिवळी पडली तर तो विषाणू, झाड उपटून टाकायचं. आणि कपाशीवर मारायचं उरलेलं औषध परसबागेत कधीही मारू नका, ती भाजी तुम्ही दुसऱ्याच दिवशी तोडता.

१७. औषधी झाडं कोणती ठेवावी?

तुळस, गवती चहा, पानओवा, अडुळसा, कोरफड एवढी पुरे. सर्दी-खोकल्याला तुळस-गवती चहाचा काढा ठीक आहे. अडुळसा गरोदरपणात नको. कोरफडीचा पिवळा चीक पोटात गेला तर जुलाब होतात, गर घेण्याआधी धुवा. गुळवेल रोज, महिनोन्महिने पिऊ नका, यकृताला इजा झाल्याची प्रकरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर कोणताही काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. लहान मुलं असतील तर कण्हेर आणि धोतरा आवारात नको.

१८. शेळ्या आणि वानरं काही ठेवत नाहीत.

शेळीसाठी पऱ्हाट्या-तुराट्यांचं कुंपण एक वर्ष टिकतं, तेवढ्यात त्याला लागून अडुळसा आणि सीताफळ लावा, शेळी दोन्हींना तोंड लावत नाही आणि कुंपण जिवंत होतं. वानरांवर पक्का उपाय मला माहीत असलेल्या कुठल्याच गावात नाही. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूची गावं असतील तर हळद, अद्रक, धोपा, मिरची, लिंबू, गोडलिंब यांवर भर द्या, यांना ते कमी त्रास देतात, आणि जाम-पोपई घराच्या अगदी समोर, माणसांच्या वर्दळीत ठेवा.

१९. सर्पगंधा लावली की साप येत नाही ना?

येतो. कोणत्याच झाडानं साप थांबत नाही. उंदीर, विटांचे ढीग, रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या हे घराजवळून हलवा, भिंतीपासून चार-पाच फूट जागा मोकळी ठेवा आणि अंधारात टॉर्चशिवाय वाडीत जाऊ नका. साप चावला तर वेळ न घालवता सरकारी दवाखाना. सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो, ती घरी उगाळून कोणाला देऊ नका.

२०. पावसाळ्यात आपोआप उगवते त्यातलं काय खाता येते?

तरोट्याची कोवळी पानं पहिल्या पावसानंतर, फूल यायच्या आत. घोळ, कुंजर, चवळाई, केना हे सुद्धा. ओळख घरातल्या जाणत्या बाईकडून प्रत्यक्ष झाडासमोर करून घ्या, फोटोवरून नाही. तणनाशक मारलेल्या बांधावरचं आणि नालीकाठचं तोडू नका. वाडीचा एक कोपरा न खुरपता सोडला तर जुलैभर ही भाजी फुकट मिळते. धोप्याची पानं घशाला खाजतात ती त्यातल्या ऑक्झलेटच्या सुयांमुळे, चिंच किंवा अंबाडी घालून पूर्ण शिजवा. गाजरगवत तेवढं फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटा.

२१. स्वतःच्या वाडीतलं जुनं झाड तोडायला परवानगी लागते का?

बऱ्याच झाडांना लागते. ग्रामीण भागात राज्याचा १९६४ चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, फणस अशी झाडं येतात, जमीन तुमची असली तरी. काटोल, उमरेड, कामठीसारख्या नगरपरिषदेच्या हद्दीत शहरी भागाचा १९७५ चा कायदा लागू होतो, तिथं नगरपरिषदेत अर्ज करायचा. गावात आधी तलाठ्याकडे आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा, लेखी घ्या, मगच कुऱ्हाड लावा. नुसत्या फांद्या घरावर येत असतील तर तेही तिथंच सांगा, पुष्कळदा छाटणीवर भागतं.